आर्सेनलचे विजयी संघ : एक तुलना

वेगवेगळ्या काळीं होऊन गेलेल्या पुरुषांना एकाच तराजूंत घालून त्यांत वजनदार कोण हें ठरविण्याची हौस मनुष्यमात्रांत उपजतच असावी. आमच्या इकडे गाण्याची बैठक संपून पानाचें तबक फिरूं लागलें कीं, अमक्या बुवांची तान मोठी कीं त्यांच्या गुरूंची, हा वाद हटकून निघतो. आणि ज्यानें दोघांनाहि ऐकलें असा मनुष्य त्या मंडळींत एकहि नसला तरी वादाची गोडी कमी न होतां उलट वाढते. खेळांची गोष्ट याहून निराळी नाहीं. फरक इतकाच कीं, गवयाची तान हवेंत विरून जाते आणि खेळाच्या मागें आंकडे उरतात. आंकडे उरले म्हणजे निवाडा सोपा झाला असें वाटतें. वस्तुतः खरी अडचण तेथूनच सुरू होते.

आमच्यापुढें आज जें उदाहरण आहे तें लंडनच्या उत्तर भागांतील आर्सेनल या फुटबॉल क्लबाचें. वुलविच येथील सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांनीं तो १८८६ सालीं काढला. १९१३ सालीं तो थेम्स ओलांडून हायबरी येथें राहावयास आला, आणि २००६ पर्यंत तेंच त्याचें घर होतें. त्याचे चाहते आमच्याकडेहि थोडे नाहींत. मुंबई-पुण्याच्या घरांतील मुलें शनिवार-रविवारीं रात्र जागवून त्याचे सामने पाहतात, हें पालकांस सांगावयास नकोच. या मुलांना विचारलें तर आर्सेनलचा सर्वश्रेष्ठ संघ कोणता याचें उत्तर तयार असतें : २००३-०४ चा. संपूर्ण हंगामांत तो लीगचा एकहि सामना हरला नाहीं, मग आणखी चर्चा ती कसली? वडीलधारी इंग्रज मंडळी १९७१ चें नांव घेतात. १९३० नंतरच्या दशकांतील संघाचें नांव मात्र आतां पुस्तकांतूनच निघतें, कारण तो डोळ्यांनीं पाहिलेला मनुष्य जवळजवळ कोणी उरला नाहीं. आमचा कौल या तिसऱ्या संघाकडे आहे. पण तो देण्यापूर्वीं बाकीच्यांना न्याय मिळाला पाहिजे, आणि ज्याला कौल द्यावयाचा त्याचे दोषहि झांकतां कामा नयेत.

प्रथम आंकड्यांचा समाचार घेऊं. १९३०-३१ सालीं आर्सेनलनें पहिल्यानें लीग जिंकली तेव्हां त्याचे गुण ६६ झाले. १९७०-७१ मध्यें ६५. २००३-०४ मध्यें ९०. हे आंकडे जसेच्या तसे शेजारीं शेजारीं मांडणारा मनुष्य शेर आणि किलो एकाच बेरजेंत धरणाऱ्या वाण्यासारखा होय. १९८१ पर्यंत इंग्लंडांत विजयाला दोन गुण मिळत, त्यानंतर तीन मिळूं लागले. शिवाय १९३१ व १९७१ सालीं प्रत्येक संघाला ४२ सामने खेळावे लागले, २००४ सालीं ३८. सर्वांना आजची पट्टी लावून पाहिली तर मौज दिसते. १९३१ च्या संघाचे २८ विजय, १० सामने अनिर्णित व ४ पराभव. म्हणजे १२६ पैकीं ९४ गुण. १९७१ चे २९ विजय, ७ अनिर्णित, ६ पराभव; पुन्हां १२६ पैकीं ९४ च. मध्यें १९९०-९१ चा एक संघ आहे, त्याचा उल्लेख पुढें येईल. त्याचे २४ विजय, १३ अनिर्णित व अवघा एक पराभव, म्हणजे ११४ पैकीं ८५. तिघांचेंहि प्रमाण शेंकडा साडेचौऱ्याहत्तरांच्या किंचित् वर येतें! साठ वर्षांच्या अवधींत तीन पिढ्यांनीं जणुं ठरवून एकच माप भरलें. २००४ च्या संघाचे २६ विजय व १२ अनिर्णित धरले म्हणजे प्रमाण जवळजवळ एकुणऐंशी होतें, आणि तो सर्वांच्या पुढें जातो.

पण हा हिशेबहि पूर्णपणें खरा नव्हे. अनिर्णित सामन्याला विजयाच्या निम्मी किंमत होती तेव्हां परक्या मैदानावरून एक गुण घेऊन परतणें शहाणपणाचें समजलें जाई. आतां ती किंमत एक-तृतीयांश उरली आहे. ज्या पट्टीनें ते खेळलेच नाहींत तिनें त्यांना मोजणें म्हणजे पेशवाईंतील खर्ड्याच्या लढाईला आजच्या युद्धशाळेंत गुण देण्यासारखें आहे. गोलांची संख्या घेतली तर उलटेंच चित्र दिसतें : १९३१ सालीं १२७ गोल, १९७१ सालीं ७१, २००४ सालीं ७३. मात्र १९३१ सालीं दुसरा आलेल्या अॅस्टन व्हिलानें १२८ गोल केले होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या काळीं गोलच स्वस्त होते असें म्हणावें लागतें. ते स्वस्त कां झाले, या प्रश्नापाशीं आमची खरी कथा सुरू होते.

१९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता कीं, पुढें असलेल्या गड्याला चेंडू दिला जात असतां त्याच्या व गोलाच्या मध्यें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असले पाहिजेत. हुशार बॅक याचा फायदा घेऊन थोडेसे पुढें सरकत, आणि समोरचा फॉरवर्ड आयताच कचाट्यांत सांपडे. न्यूकॅसलचा मॅक्रॅकन या कलेंत इतका निष्णात होता कीं, परक्या गांवचे प्रेक्षक त्याच्या नांवानें बोटें मोडीत. शिट्टी वारंवार वाजे, गोल आटले, लोक कंटाळले. तेव्हां १९२५ च्या उन्हाळ्यांत तिनांच्या ठिकाणीं दोन गडी पुरेत असा बदल करण्यांत आला. धरणाचें दार उघडावें तसें झालें : आदल्या हंगामांत पहिल्या श्रेणींत ११९२ गोल झाले होते, ते एकदम १७०३ झाले. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यांत हर्बर्ट चॅपमन हा गृहस्थ हडर्सफील्ड सोडून आर्सेनलचा मॅनेजर म्हणून हायबरीला आला.

चॅपमन हा यॉर्कशायरमधील कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मजुराचा मुलगा. हडर्सफील्डला त्यानें लागोपाठ दोनदां लीग मिळवून दिली होती. आर्सेनलला तोंवर मोठें असें कांहींच मिळालें नव्हतें. त्यानें पहिल्यानें सुंदरलंडकडून चार्ली बुकन हा तेहेतीस वर्षांचा फॉरवर्ड आणला. त्याचा सौदाहि मासलेवाईक आहे : रोख दोन हजार पौंड, आणि पहिल्या हंगामांत तो करील त्या प्रत्येक गोलामागें आणखी शंभर. बुकननें एकवीस गोल केले, आणि विकणाऱ्याची मुळींच तक्रार राहिली नाहीं. त्या हंगामांत ३ ऑक्टोबर १९२५ रोजीं न्यूकॅसलनें आर्सेनलचा सात गोलांनीं धुव्वा उडविला. आर्सेनलला एकहि करतां आला नाहीं. त्यानंतर बुकन व चॅपमन यांच्यांत जो विचार झाला, त्यांतून इंग्लिश फुटबॉलची पुढील तीस वर्षें निघालीं असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

विचार साधा होता. पूर्वीं सेंटर-हाफ हा मैदानभर फिरणारा संघाचा नायक असे. हल्ला तोच उभारी, बचावाला तोच धांवे. त्याला मागें ओढून दोन बॅकांच्या मध्यें उभा करावयाचा, आणि प्रतिपक्षाच्या सेंटर-फॉरवर्डची सांवली होऊन राहण्यापलीकडे त्यानें दुसरें कांहीं करावयाचें नाहीं. दोन दिवसांनीं वेस्ट हॅमच्या मैदानावर ही मांडणी करून आर्सेनलनें चार गोलांनीं विजय मिळविला. हें काम प्रथम बटलरनें केलें, पुढें हर्बी रॉबर्ट्सनें. रॉबर्ट्सला चॅपमननें ऑस्वेस्ट्रीच्या लहानशा क्लबाकडून दोनशें पौंडांत आणलें होतें. उंच, तांबूस केसांचा हा गडी चेंडू घेऊन नाचत नसे, टाळ्या मिळवीत नसे. तो डोक्यानें चेंडू परतवी आणि आपल्या जागीं उभा राही. लोक त्याला ‘पोलिसमन’ म्हणत, आणि परक्या मैदानावर त्याच्या वांट्याला हुर्यो येई. आमच्या मतें त्या संघांत सर्वांत अवघड काम त्याचेंच होतें. कारण ज्या जागेवर आदल्या पिढीचे राजे मिरवले, तेथें त्याला पहारेकऱ्याचा डगला घालून उभें राहावयाचें होतें.

सेंटर-हाफ मागें गेला म्हणजे मध्यें खिंडार पडणार; तें बुजविण्यास फॉरवर्डांपैकीं कोणी तरी खालीं उतरला पाहिजे. चॅपमनला तो मनुष्य १९२९ सालीं प्रेस्टनकडून मिळाला. अॅलेक्स जेम्स हा ठेंगणा स्कॉच. गुडघ्यांखालीं येणारी ढगळ विजार घालणारा, आळशासारखा दिसणारा. प्रेस्टनला असतांना तो स्वतः भरपूर गोल करी. आर्सेनलला आल्यावर त्यानें गोल करणें जवळजवळ सोडलें आणि दुसऱ्यांचे गोल घडविण्याचा धंदा पत्करला. प्रतिपक्ष सर्व बाजूंनीं चालून येई, चेंडू रॉबर्ट्सच्या डोक्यावरून जेम्सच्या पायाशीं येई, आणि जेम्सच्या एका टोल्यासरशीं तो पन्नास यार्डांवर एका बाजूनें ह्यूमच्या किंवा दुसऱ्या बाजूनें बॅस्टिनच्या पुढें जाऊन पडे. दहा मिनिटें ज्यांनीं हल्ला केला त्यांच्यावर दहा सेकंदांत गोल होई. हरलेल्या गांवचे लोक याला ‘नशीबवान आर्सेनल’ म्हणत. नशीब आठ वर्षें टिकत नाहीं. बॅस्टिननें १९३२-३३ च्या हंगामांत बगलेवरून खेळत लीगमध्यें ३३ गोल केले. विंगरनें असें करावें ही गोष्ट आजहि विरळाच.

हा संघ पैशानें विकत घेतलेला होता असा आक्षेप तेव्हांहि घेतला जाई. तो अगदींच निराधार नाहीं. डेव्हिड जॅकसाठीं १९२८ सालीं दहा हजारांहून अधिक पौंड मोजले गेले, तितके तोंवर कोणींच मोजले नव्हते. पण हा पैसा क्लबांच्या तिजोऱ्यांमध्यें इकडून तिकडे जाई. खेळाडूच्या पगाराला कायद्याची मर्यादा होती : आठवड्यास आठ पौंड, त्याहून एक पैसा अधिक नाहीं. ९ मार्च १९३५ रोजीं सुंदरलंडविरुद्धचा सामना पाहण्यास हायबरीला ७३,२९५ माणसें पैसे देऊन आंत आलीं. ज्यांना पाहण्यासाठीं आलीं त्यांचा पगार तेवढाच राहिला. जेम्सला सेल्फ्रिजच्या मोठ्या दुकानांत नांवाची नोकरी देऊन ती मर्यादा चुकवावी लागली. आज ज्यांच्याशीं त्यांची तुलना करावयाची त्यांच्या मिळकतीचा आंकडा वाचकांना ठाऊकच आहे.

या संघानें १९३१, १९३३, १९३४, १९३५ व १९३८ अशी पांच वेळां लीग जिंकली आणि १९३० व १९३६ सालीं एफ. ए. कप. नोव्हेंबर १९३४ मध्यें विश्वविजेत्या इटलीशीं हायबरीवर सामना झाला तेव्हां इंग्लंडच्या अकरा गड्यांपैकीं सात आर्सेनलचे होते, आणि इंग्लंडनें तो तीन विरुद्ध दोन गोलांनीं जिंकला. पण आमच्या दृष्टीनें या सर्वांहून अधिक बोलकी गोष्ट दुसरीच आहे. जानेवारी १९३४ च्या पहिल्या आठवड्यांत चॅपमनला सर्दी झाली असतांहि तो क्लबाच्या तिसऱ्या संघाचा खेळ पाहावयास थंडींत गिल्डफर्डला गेला. आल्यावर अंथरुणास खिळला, आणि ६ तारखेस पहांटे न्यूमोनियानें वारला. त्याच दिवशीं दुपारीं हायबरीवर सामना होता, आणि तो खेळला गेला. गोल पुष्कळ घटले, १९३२-३३ मध्यें ११८ होते ते ७५ वर आले, तरी त्या वर्षींची लीग आर्सेनललाच मिळाली. पुढच्या वर्षीं नवा आलेल्या टेड ड्रेकनें ४२ गोल केले आणि लागोपाठ तिसरी लीग पदरीं पडली. ज्याच्या डोक्यांतून सर्व निघालें तो गेल्यावरहि यंत्र चालत राहिलें. पुष्कळ मोठ्या माणसांच्या कारभाराची परीक्षा त्यांच्या मागेंच होते. आमच्या इतिहासांत याचीं दोन्ही प्रकारचीं उदाहरणें वाचकांस सांपडतील.

या संघाचीं पापेंहि सांगितलीं पाहिजेत. १४ जानेवारी १९३३ रोजीं तिसऱ्या श्रेणींतील वॉलसॉल या क्लबानें एफ. ए. कपांत त्याला दोन गोलांनीं हरविलें. कांहीं प्रमुख गडी आजारी होते, पण चॅपमनचा गाफीलपणाहि नडला. आणि पेनल्टी ओढवून घेणाऱ्या बिचाऱ्या टॉमी ब्लॅकला त्यानें थोड्याच दिवसांत प्लिमथला विकून टाकलें. अपमानाचा राग धाकट्यावर काढण्याची ही रीत आम्हांस मुळींच आवडत नाहीं.

महायुद्धानें हा सर्व डाव उधळला. हायबरीचें मैदान हवाई हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या पथकाच्या ताब्यांत गेलें आणि आर्सेनलला जन्माचा वैरी जो टॉटनहॅम क्लब, त्याच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर आश्रय घ्यावा लागला. युद्धानंतर १९४८ सालीं जो संघ लीग जिंकला त्याच्याशीं आमच्या लोकांचें एक आडवळणाचें नातें आहे. त्या संघांतून कांहीं सामने खेळलेला विंगर डेनिस कॉम्प्टन हा लष्करी नोकरीमुळें हिंदुस्थानांत असतां, मार्च १९४५ मध्यें ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत सी. के. नायडूंच्या होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध खेळला होता, आणि त्यानें नाबाद २४९ धांवा काढल्या होत्या. मुंबईकरांनीं सामना जिंकला, पण ती खेळी विसरली नाहीं. १९४७ च्या उन्हाळ्यांत त्यानें इंग्लंडांत ३,८१६ धांवा जमविल्या आणि त्यानंतर फुटबॉलचे बूट चढविले. असा मनुष्य आतां होणें नाहीं. आतांचें वेळापत्रकच त्याला होऊं देणार नाहीं.

१९५३ नंतर सतरा वर्षें आर्सेनलला कांहीं मिळालें नाहीं. १९६६ सालीं क्लबानें बर्टी मी यांस मॅनेजर नेमलें तेव्हां पुष्कळांना नवल वाटलें, कारण हे गृहस्थ तोंवर खेळाडूंच्या दुखऱ्या गुडघ्यांवर उपचार करीत असत. त्यांच्या हाताखालचा १९७०-७१ चा संघ तेजस्वी नव्हता, चिवट होता. त्या वर्षीं त्यानें सर्व स्पर्धा मिळून ६४ सामने खेळले, तेहि हिंवाळ्यांतल्या चिखलांत. लीगमध्यें लीड्स पुष्कळ पुढें होतें. त्याला एक एक गुणानें गांठीत आर्सेनल शेवटीं ६५ विरुद्ध ६४ असें वर आलें. कपाच्या उपांत्य सामन्यांत स्टोकनें दोन गोल चढविले असतां पीटर स्टोरीनें एक गोल फेडला, आणि वेळ संपून गेल्यावरच्या क्षणीं मिळालेल्या पेनल्टीवर दुसरा. ३ मे १९७१ रोजीं लीगचा शेवटचा सामना होता टॉटनहॅमच्या मैदानावर. एकहि गोल न होतां तो बरोबरींत सुटला तरी लीग आर्सेनलची, पण एक-एक गोल होऊन बरोबरी झाली तर लीड्सची, असा विचित्र हिशेब होता. सामना संपत आला असतां रे केनेडीनें डोक्यानें गोल केला. पांच दिवसांनीं वेंब्लीवर लिव्हरपूलविरुद्ध जादा वेळेंत प्रथम गोल खाऊन मग दोन फेडले. दुसरा करून चार्ली जॉर्ज गवतावर हात पसरून उताणा पडला, तें चित्र आजहि छापलें जातें. पहिला गोल जॉर्ज ग्रॅहमचा म्हणून त्या दिवशीं जाहीर झाला. पुढें चित्रफीत तपासल्यावर ग्रॅहमचा पाय चेंडूला लागलाच नव्हता असें ठरून तो एडी केलीच्या नांवें लिहिला गेला. १९३० सालच्या किती गोलांचे धनी अशा तपासणींत टिकले असते, असा विचार आमच्या मनांत येऊन जातो.

एकाच वर्षीं लीग व कप दोन्ही जिंकणें ही गोष्ट त्यापूर्वीं प्रेस्टन, अॅस्टन व्हिला व टॉटनहॅम या तिघांनींच साधली होती. फ्रँक मॅक्लिंटॉकच्या या संघांत जेम्स नव्हता, बॅस्टिन नव्हता. त्यांतील किती गड्यांना इतर दोन संघांत जागा मिळाली असती असें विचारल्यास आम्ही एक-दोनच नांवें घेऊं. आणि म्हणूनच त्याच्याविषयीं आमच्या मनांत विशेष आदर आहे. या पिढीला पगाराची मर्यादा उरली नव्हती. ती १९६१ सालीं उठली होती. खेळाडूला क्लबाच्या मर्जीशिवाय हलतां येत नसे, तें बंधनहि १९६३ सालीं न्यायालयांत ढिलें झालें. आणि तो खटला लढणारा जॉर्ज ईस्टहॅम त्या वेळीं आर्सेनलचाच खेळाडू होता.

ग्रॅहम पुढें मॅनेजर झाला आणि त्यानें १९८९ व १९९१ अशा दोन लीगा मिळविल्या. पहिलीची अखेरच्या मिनिटाची कथा सर्वांना पाठ आहे, ती येथें पुन्हां सांगत नाहीं. दुसरीकडे मात्र लोकांचें दुर्लक्ष होतें. १९९०-९१ च्या हंगामांत या संघावर ३८ सामन्यांत फक्त १८ गोल झाले आणि पराभव एकच झाला. मैदानावरील मारामारीबद्दल दोन गुण कापले गेले. कप्तान टोनी अॅडॅम्स दारू पिऊन मोटार हांकल्याबद्दल मध्येंच कांहीं आठवडे तुरुंगांत होता. तरीहि संघ ढळला नाहीं. बचाव हेंच ज्याचें सौंदर्य त्याचीं गाणीं होत नाहींत, एवढेंच.

आतां २००३-०४ चा ‘अजिंक्य’ संघ. आर्सेन वेंगर हा फ्रेंच गृहस्थ १९९६ सालीं जपानांतून आर्सेनलला आला. जगांतून कोठूनहि मनुष्य निवडण्याची मुभा त्याला होती आणि निवडीची दृष्टि होती. फ्रान्सचे हेन्री, व्हिएरा व पिरेस, हॉलंडचा बर्गकाम्प, स्वीडनचा युंगबर्ग, ब्राझीलचा जिल्बर्टो, जर्मनीचा गोलकीपर लेहमन, आयव्हरी कोस्टचा तूरे, कॅमेरूनचा लॉरेन. नेहमींच्या अकरांत इंग्रज म्हणावे असे कॅम्पबेल व अॅशली कोल हे दोघेच. १९३४ सालीं जो क्लब इंग्लंडला सात गडी पुरवीत होता त्याचें हें रूपांतर आहे. संपूर्ण हंगाम अपराजित राहणें शक्य आहे असें वेंगर २००२ सालीं बोलून गेला तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्याची टर उडविली, आणि तो हंगामहि हातचा गेला. पुढच्या हंगामांत तेंच त्यानें करून दाखविलें. त्यापूर्वीं असा पराक्रम १८८८-८९ सालीं प्रेस्टननें केला होता, पण तेव्हां सामने अवघे बावीस होते.

या संघाचा वेग व देखणेपण यांना तोड नाहीं हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. त्याचा खरा कस लागला तो एप्रिल २००४ च्या एका आठवड्यांत. ३ तारखेस मँचेस्टर युनायटेडनें त्याला कपांतून घालविलें, ६ तारखेस चेल्सीनें युरोपच्या स्पर्धेंतून. आणि ९ तारखेस लिव्हरपूलविरुद्ध हायबरीवर तो मध्यंतराला दोन विरुद्ध एक असा मागें होता. सारा डोलारा त्या दुपारीं कोसळावयाचा. पिरेसनें बरोबरी साधली, आणि मग थिएरी हेन्री मध्यरेषेजवळून चेंडू घेऊन निघाला तो एक-दोघांना नव्हे तर अर्ध्या बचावाला गुंगवीत थेट गोलांत. सामना चार विरुद्ध दोन असा संपला. २५ तारखेस लीग निश्चित झाली ती पुन्हां व्हाइट हार्ट लेनवरच. यजमानांना हा पाहुणचार १९७१ नंतर दुसऱ्यांदां करावा लागला. अपराजित सामन्यांची मालिका ४९ पर्यंत गेली आणि २४ ऑक्टोबर २००४ रोजीं मँचेस्टरला तुटली.

पण हें सर्व मान्य करूनहि कांहीं गोष्टी विचारांत घेतल्या पाहिजेत. ‘अजिंक्य’ हें नांव लीगपुरतेंच खरें. बाकीच्या तिन्ही स्पर्धांत तो त्या वर्षीं हरलाच. त्याच्या मैदानावर चिखल नव्हता. मागून पाय घालणाऱ्याला पंच बाहेर काढीत. राखीव गडी मैदानांत उतरविण्याची सोय होती, जी रॉबर्ट्सच्या काळीं नव्हतीच. ही सोय प्रतिपक्षालाहि होती, म्हणून हा मुद्दा आम्ही फार ताणीत नाहीं. ताणण्यासारखा मुद्दा वेगळा आहे. वेंगरच्या संघाची थोरवी त्या विशिष्ट माणसांत होती. व्हिएरा २००५ मध्यें गेला, हेन्री २००७ मध्यें, आणि वेंगर स्वतः क्लबांत हजर असतांहि पुढील दहा वर्षांत लीग एकदांहि मिळाली नाहीं. चॅपमनच्या संघाची थोरवी त्यानें शोधलेल्या मांडणींत होती; म्हणून तो गेला तरी ती राहिली, इतकेंच नव्हे तर इंग्लंडांतल्या लहानमोठ्या प्रत्येक क्लबानें ती उचलली.

येथें प्रतिपक्षाचा वकील आम्हांस अडवील, आणि त्याचें म्हणणें बळकट आहे. ती मांडणी सर्वांनीं उचलली खरी, पण जेम्स कोणाजवळ होता? जेम्सविना राहिला तो नुसता पहारेकरी. एका पिढीनें सेंटर-हाफला खुंटीला बांधलें आणि पुढची पिढी खुंटीलाच खेळ समजूं लागली. २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं हंगेरीच्या संघानें वेंब्लीवर इंग्लंडला सहा विरुद्ध तीन गोलांनीं हरविलें. त्यांचा सेंटर-फॉरवर्ड हिदेगकुटी मागें उतरून खेळूं लागला आणि त्याची सांवली व्हावयाचें कीं आपली जागा राखावयाची हें इंग्रज सेंटर-हाफ जॉन्स्टनला शेवटपर्यंत उमगलें नाहीं. चॅपमनच्या शोधाचेंच हें दूरचें फळ होय असें म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांना आम्ही खोटें पाडूं शकत नाहीं. परंतु नवीन अडचणीवर ज्यानें पहिल्यानें उपाय काढला त्याच्या माथीं, तीस वर्षें तोच उपाय डोळे मिटून करीत राहिलेल्यांचा दोष मारणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. चॅपमन असता तर त्यानें तो कधींच मोडून दुसरा शोधला असता. सामन्यांत खेळाडूंच्या पाठीवर आंकडे घालणारा आणि मैदानावर विजेचे दिवे लावूं पाहणारा मनुष्य एका जागीं बसणारा नव्हता.

राहतां राहिली डोळ्यांची साक्ष. हेन्रीचा तो गोल आज कोणीहि घरबसल्या हवा तितक्या वेळां पाहूं शकतो. चार्ली जॉर्जचा पाहतां येतो. अॅलेक्स जेम्सचा खेळ म्हणून जें उरलें आहे तें बातमीपटांतले कांहीं धूसर तुकडे; त्यांत तो ढगळ विजारींत इकडून तिकडे पळतांना दिसतो, आणि चेंडू बहुधा चित्राच्या बाहेर असतो. ज्याचें चित्र उरलें तो जिंकला, असा निकाल बहुतेकांच्या मनांत नकळत लागतो. त्याच्याविरुद्ध आम्ही हा कागद दाखल करीत आहों. क्रम लावावयाचाच तर चॅपमनचा संघ पहिला, वेंगरचा त्याच्या अगदीं मागोमाग, १९९१ चा तिसरा, आणि १९७१ चा चौथा असला तरी त्याच्याबरोबर चिखलांत उतरावयास आम्हांस सर्वांत अधिक आवडलें असतें.

डिसेंबर २०११ मध्यें आर्सेनलनें आपल्या नव्या मैदानाबाहेर तीन पुतळे उभारले : चॅपमन, अॅडॅम्स व हेन्री. चॅपमन हात मागें बांधून मैदानाकडे पाहत उभा आहे. जेम्स १९५३ सालीं, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीं वारला. रॉबर्ट्सचा पाय १९३७ सालीं सामन्यांत मोडला आणि त्याचा खेळ तेथेंच संपला. युद्धांत तो रॉयल फ्युसिलियर्स पलटणींत लेफ्टनंट होता, आणि जून १९४४ मध्यें धांवरें होऊन वारला तेव्हां तो चाळिशीच्या अलीकडेच होता.